पाठवणाऱ्याचं नाव

शाझली मास्तरांच्या घरी कॉम्प्युटर आला आणि थेट मंदऱ्यात जाऊन बसला. मंदरा ही पुरुषांच्या बैठकीची खोली. नाईलकाठच्या आमच्या तहता गावातल्या बऱ्यापैकी घराला ती असतेच, रस्त्याकडे दार असलेली, आणि घरातल्या बायका तिथे जातात त्या झाडलोटीपुरत्या. टेलिफोनची तार मंदऱ्यात होती म्हणून कॉम्प्युटरही तिथेच, असं मास्तर म्हणाले. तार आतल्या खोलीत आणायला काही नाईल वळवायची नव्हती. पण तो कॉम्प्युटर ज्या माणसाच्या कामासाठी घरात आला होता ते माणूस बाई होतं, आणि बाईच्या सोयीसाठी भिंतीला भोक पाडलेलं तहतात कुणी पाहिलेलं नाही.

ही बाई म्हणजे फिक्रिया, मास्तरांची थोरली बहीण. नवरा महरूस गेल्यावर ती भावाच्या घरी परत आली. मूलबाळ झालं नव्हतं. आमच्याकडे बाईचं नाव परक्या पुरुषासमोर घेत नाहीत. मुलगा झाला की ती अमक्याची आई होते आणि प्रश्न मिटतो. फिक्रियाचा प्रश्न तसाच राहिला होता. गल्लीतले पुरुष तिला 'मास्तरांची बहीण' म्हणत, आणि मास्तर चारचौघांत नुसतं 'आमच्या घरचे' म्हणत, म्हणजे त्यात ती, मास्तरांची बायको रावया आणि बहुधा कोंबड्यासुद्धा आल्या.

फिक्रिया अदीद गोळा करायची. घरात माणूस गेलं की बायका गोल बसून विलापाची गाणी म्हणतात, ती अदीद. पुरुषांनी ती ऐकायची नसतात. मशिदीतल्या नव्या शेखांनी तर ती पापच ठरवली होती, आणि ज्यांना ती येत होती त्या म्हाताऱ्या एकेक करून चालल्या होत्या. महरूस गेला तेव्हा फिक्रियाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. दगडासारखी बसून होती. मग शेजारची हाज्जा बदरिया येऊन तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि म्हणाली:

कडी वाजली दाराची, उठू नको गं बाई,
वारा आहे तो; ज्याचा हात होता तो नाही.

तेव्हा फिक्रिया जी रडली ती कुणाला आवरेना. या दोन ओळींनी आपल्याला जिवंत ठेवलं असं ती पुढे नेहमी म्हणायची. त्या ओळी हाज्जाबरोबर मातीत जाऊ नयेत, एवढ्यासाठी तिने एक जुना टेपरेकॉर्डर मिळवला.

अडचण एकच होती. अदीद रिकामी म्हणत नाहीत. मेलेलं माणूस नसताना म्हटली, तर मरणाला आपण होऊन घरचा पत्ता दिल्यासारखं होतं.

"कुणासाठी रडू?" हाज्जा विचारायची. "नाव सांग. माझं तोंड असं फुकट नाही उघडत."

"महरूससाठी."

"पुन्हा? परवाच तर पुरला त्याला."

"पुन्हा पूर, मावशी. माझा नवरा आहे, माझी हरकत नाही."

हाज्जा हसायची, चहात आणखी दोन चमचे साखर मागायची आणि मग डोक्यावरची काळी ओढणी पुढे ओढून खरोखरीची रडायला बसायची. अशाच दुसऱ्या म्हाताऱ्या, दुसऱ्या गावच्या. प्रत्येकीला कुणीतरी मेलेलं हवं होतं, आणि फिक्रियाकडे द्यायला एकच माणूस होता. महरूस कुणाच्या गच्चीवर मेला, कुणाच्या भाकरीच्या भट्टीपाशी मेला, एका ठिकाणी तर शेळ्यांच्या गोठ्यात मेला. दर वेळी तिला वाटायचं, आता आपल्याला काही व्हायचं नाही. आणि दर वेळी व्हायचंच.

शाझलीने सुरुवातीला नाक मुरडलं. "लोक लग्नाची गाणी जमवतात," तो रावयाला म्हणायचा, "माझी बहीण मढ्यांची जमवते." पण एके दिवशी रेडिओवर बैरूतच्या एका डॉ. घस्सान नावाच्या अभ्यासकाची मुलाखत लागली. नाईलकाठच्या बायकांच्या विलापांचं पुस्तक करायचं आहे, कुणाकडे असतील तर ईमेलने कळवा, असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी शाझलीचं नाक सरळ झालं.

ईमेलचा प्रोग्राम बसवायला मुर्सी मास्तर आले. ते शाझलीच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. दोघे पडद्यासमोर बसले, आणि फिक्रिया आतल्या दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी राहिली. दार बोटभर किलकिलं होतं. मुर्सी मास्तर एकेक रकाना मोठ्याने वाचत होते: येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर, जाणाऱ्या पत्रांचा सर्व्हर, खात्याचं नाव, पासवर्ड. फिक्रिया ओठ हलवत सगळं पाठ करत होती, कारण वापरायचं तिलाच होतं. तिने वाणिज्य डिप्लोमा केला होता. टाइपरायटरवर तिची बोटं न बघता चालायची. शाझली अरबीचा शिक्षक, पण कीबोर्डवर कोंबडीने दाणा टिपावा तसा एका बोटाने अक्षर टिपायचा.

"हा वरचा रकाना राहिला," मुर्सी मास्तर म्हणाले. "पाठवणाऱ्याचं नाव. पत्र उघडायच्या आधी समोरच्याला हेच दिसतं. काय घालू?"

दाराआड फिक्रियाचे ओठ हलायचे थांबले.

"माझंच घाला. दुसरं कुणाचं घालणार?"

"तुम्ही म्हणालात ना, घरच्यांना लागणार आहे."

"घरच्यांना लागणार म्हणून काय घरच्यांना बैरूतभर मिरवू?"

मुर्सी मास्तर ओशाळले, माफ करा म्हणाले आणि त्यांनी शाझलीचं पूर्ण नाव टाइप केलं. मग मोडेम किंचाळला, लाइन लागली आणि त्यांनी चाचणीचं पत्र पाठवलं. ते परत आलं तेव्हा त्यात नुसती प्रश्नचिन्हं होती. मुर्सी मास्तरांनी अक्षरांच्या यादीतून अरबी निवडलं, पुन्हा पाठवलं, आणि या खेपेला 'सलाम' शहाण्यासारखा सलाम म्हणूनच आला. चहा तोवर गार झाला होता.

खरं सांगायचं तर फिक्रियाला तेव्हा राग आला नाही. उलट सुटल्यासारखं झालं. आपलं नाव एका परक्या पुरुषाच्या पडद्यावर उघडं बसणार, या विचाराने तिचेच कान तापले होते. मुर्सी मास्तर गेल्यावर शाझली आत आला.

"बापाच्या लेकी," तो म्हणाला. लाडात आला की आमच्याकडचा भाऊ बहिणीला अशीच हाक मारतो. "नाव म्हणजे भांड्यावरचं झाकण. आत शिजतंय ते तुझंच. पुस्तक छापायला निघालं की झाकण काढू."

"पुस्तकावर माझं नाव येईल?"

"तुझं नाही तर काय माझं? मी कुठे रडायला गेलो होतो? बापाच्या कबरीची शपथ."

याच शाझलीला तिने लहानपणी कडेवर घेऊन कालवा ओलांडला होता. तिने शपथेवर विश्वास ठेवला, आणि ठेवू नये असं तिला वाटण्याचं कारणही नव्हतं.

मग रोज दुपारी, शाझली शाळेत असताना, फिक्रिया मंदऱ्याच्या रस्त्याकडच्या दाराला कडी लावून कॉम्प्युटरसमोर बसू लागली. टेप ऐकून विलाप उतरवायचे, कुठल्या गावचा, कोणत्या मरणाचा, तरण्याचा की म्हाताऱ्याचा, बुडालेल्याचा की बाळंतपणात गेलेलीचा, ते खाली लिहायचं आणि पाठवायचं. डॉ. घस्सान मोठ्या अदबीने उत्तर द्यायचे. 'मान्यवर उस्ताद शाझली' अशी सुरुवात. एकदा त्यांनी विचारलं, एका पुरुषाला हे बायकांच्या बैठकीतलं मिळालं कसं? फिक्रियाने भावाला विचारलं.

"लिही, घरच्या स्त्रियांच्या मदतीने," शाझली म्हणाला.

"मदतीने?"

"आत्ता लिही गं. खोटं आहे का?"

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, या सगळ्या विलापांत ज्याचं नाव येतं तो महरूस कोण? हा प्रश्न तिने भावाला सांगितला नाही. शाझलीच्या नावाने 'माझा नवरा होता' असं कसं लिहायचं? शेवटी तिने लिहिलं, 'घरातला एक माणूस होता,' आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुस्तकाचं मुखपृष्ठ आलं ते असंच एका दुपारी. काळ्या ओढणीतल्या बायकांचं चित्र, आणि खाली: संकलन, शाझली अब्दुल-जवाद. बरोबर पत्र होतं. प्रकाशन समारंभाला उस्तादांनी बैरूतला यावं, भाषण करावं, विमानाचं तिकीट पाठवतो. फिक्रियाला वाटलं, छपाईआधीच आलंय ते बरं झालं, शाझलीला सांगून दुरुस्त करून घेऊ. मग तिचं लक्ष गेलं. पत्र आधीच उघडलेलं होतं, आणि त्यावर उत्तर गेल्याची खूण होती. पाठवलेल्या पत्रांत तिला भावाचं उत्तर सापडलं. 'अनेक वर्षांच्या माझ्या कष्टांचं चीज झालं,' असं त्याने एका बोटाने टिपलं होतं.

तो जेवायला बसला तेव्हा तिने विषय काढला. चटई पसरलेली होती, रावया उन्हात फुगवलेलं भाकऱ्यांचं पीठ भट्टीकडे नेत होती.

"पुस्तक छापायला निघालं म्हणे."

"हो, सांगणारच होतो." शाझलीने भाकरी मुलुखियाच्या पातळ भाजीत बुडवली. "सूट शिवायला टाकलाय."

"आणि नाव?"

"हे बघ, उद्या ते पुस्तक बाजारात येणार. चहाच्या दुकानात माझ्या वर्गातली पोरं तुझं नाव वाचणार, त्यावर हसणार. तुला चालेल?"

"मला चालेल."

"मला नाही चालत."

"मग माझं नको घालू, तुझंही नको. 'तहताची एक बाई' असं घाल."

शाझली घास गिळून पाणी प्याला आणि म्हणाला, "एक बाई बैरूतला जाऊन भाषण कसं करणार?"

तिथे फिक्रियाला कळलं. अब्रूचाच प्रश्न असता तर तो 'एक बाई'ने सुटत होता. भावाला बहिणीचं नाव झाकायचं नव्हतं. त्या जागेवर स्वतः बसायचं होतं.

"आयत्या बिळावर नागोबा," रावया पिठाच्या गोळ्याला म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"पीठ जास्त फुगलं म्हणाले."

दुसऱ्या दिवशी शाझली शाळेत गेल्यावर फिक्रियाने प्रोग्राम उघडला आणि नवीन खातं करायला घेतलं. दाराआड पाठ केलेलं सगळं तिला येत होतं. येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर, जाणाऱ्या पत्रांचा सर्व्हर. वेगळा कप्पा केला, त्याला वेगळा पासवर्ड दिला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या रकान्याशी मात्र न बघता चालणारी तिची बोटं अडली. तिने 'फ' टाइप केला, पुसला. पुन्हा टाइप केला. शेवटी कुणीतरी मागून ढकलल्यासारखं तिने सगळं एका दमात लिहून टाकलं: फिक्रिया अब्दुल-जवाद.

पत्र छोटं होतं. हे विलाप मी गोळा केले. टेप माझ्यापाशी आहेत, आणि प्रत्येक टेपच्या सुरुवातीला मेलेल्याचं नाव सांगणारा आवाज माझा आहे. शाझली माझा भाऊ आहे. महरूस माझा नवरा होता. एवढं लिहून तिने ते पाठवलं.

त्याच आठवड्यात मंदऱ्यात बैठक भरली. शाझली बैरूतला जाणार म्हणून अभिनंदन करायला हेडमास्तर आले होते, मुर्सी मास्तर होते आणि धाकटे चुलते हाज इमरानही आले होते. फिक्रिया चहाचा ट्रे घेऊन आतल्या दाराशी आली, इतक्यात फोन वाजला.

"डॉक्टरसाहेब! आपण स्वतः?" शाझली उठून उभाच राहिला. मग त्याचा आवाज उतरला. "कोण? काय नाव म्हणालात?"

फिक्रियाने ट्रे घट्ट धरला.

"नाही," शाझली म्हणाला. "या नावाची आमच्या घरात कुणी नाही." आणि त्याने फोन ठेवला.

"काय विचारत होता?" हाज इमराननी विचारलं.

"काही नाही, काका. कुणा बाईचं नाव घेऊन विचारत होता."

"फोनवर? घरातल्या बाईचं?"

"बैरूतचे लोक. त्यांना कुठली रीतभात?"

"बरा तोडलास," हेडमास्तर म्हणाले, आणि मुर्सी मास्तर आपल्या चपलांकडे बघत राहिले.

फिक्रियाने ट्रे तसाच परत नेला. आपल्या माणसाचं वाईट लगेच मानायला मन तयार नसतं. ते आधी वकिली करून बघतं. चार पुरुषांत तो दुसरं काय बोलणार होता, ती स्वतःला सांगत होती. चुलत्यासमोर बहिणीचं नाव कसं घेणार? मी त्याच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. आणि संध्याकाळी पाहुणे गेल्यावर शाझली मंदऱ्याचं दार लावून एकटाच बसला. आतून मोडेमचा आवाज आला आणि मग कीबोर्डचा. टक. टक. टक. एका बोटाचा.

ती भिंतीला टेकली. जे तोंडाने बोलता आलं नाही ते तो आता लिहीत होता. तिथे चुलता नव्हता, हेडमास्तर नव्हते, तहताची गल्ली नव्हती. कुणीच ऐकत नव्हतं. लिहायला त्याला बराच वेळ लागला. तिने स्वतःच्या हाताने पुदिना घालून चहा केला, त्याला आवडतो तसा कडक, आणि रावयाच्या हाती आत पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या कप्प्यात पत्र होतं.

'मान्यवर फिक्रिया अब्दुल-जवाद यांस.'

ती पहिल्या ओळीपाशीच थांबली. तिच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'अब्दुल-जवाद यांची सुकन्या' एवढंच छापलं होतं. तिच्या नावाने सुरू होणारं पत्र तिला जन्मात पहिल्यांदा आलं होतं. तिने ती ओळ मनात म्हटली, हलक्या आवाजात म्हटली, आणि मग पुढे वाचलं.

आपल्या पत्राची आम्ही चौकशी केली, डॉ. घस्सान लिहीत होते. उस्ताद शाझलींनी केलेला खुलासा खाली जोडत आहे. आपल्याला लवकर आराम पडो. कृपया या विषयावर पुन्हा लिहू नये.

खाली शाझलीची ओळ न् ओळ होती, प्रत्येक ओळीच्या आधी बाणाची बारीक खूण, पत्राखाली जुनं पत्र जोडलं की असते तशी. 'आपण उल्लेख केलेली बाई आमच्या शेजारी राहते. नवरा गेल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. त्याचं नाव घेऊन ती घरोघर जाते आणि बायकांना रडायला लावते. आम्ही शेजारधर्म म्हणून तिला सांभाळून घेतो. आपणही मनावर घेऊ नये. तिला भाऊ वगैरे कुणी नाही.'

केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. फिक्रिया रडली नाही. टेपमधल्या एवढ्या म्हाताऱ्या, एवढे विलाप, त्यातला एकही या मरणाला पुरत नव्हता. आपण केलेला चहा पिता पिता त्याने हे लिहिलं असणार, एवढंच पुन्हा पुन्हा तिच्या मनात येत होतं.

शाझली शाळेतून आला तो काखेत शिंप्याकडचा सूट घेऊन. रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं आणि बहीण भर दिवसा मंदऱ्यात खुर्चीवर बसली होती.

"दार लाव ना. काही आलंय का?"

"आलंय. वाच." ती उठून बाजूला झाली.

"तूच सांग."

"मोठ्याने वाच. वर्गात वाचतोस तसं."

तो बसला. पडदा पाहिला, काखेतला सूट मांडीवर घेतला. मग त्याने सुरुवात केली, "आपल्या पत्राची आम्ही चौकशी..."

"वरची ओळ राहिली."

खोलीत परकं कुणी नव्हतं. एका आईची दोघं होती.

"वरची ओळ, शाझली."

"हे बघ, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"वाच."

त्याने सुटाचा कागद सारखा केला. मग फिक्रिया पडद्याकडे वळली आणि तिने स्वतःच वाचायला घेतलं, खणखणीत आवाजात, पहिल्या ओळीपासून. रस्त्याने चाललेला मुर्सी मास्तरांचा भाऊ थबकला. समोरच्या चहाच्या दुकानातल्या दोघातिघांनी माना वळवल्या. तिने आपलं नाव वाचलं, बापाचं वाचलं, डॉक्टरांचं सगळं वाचलं आणि बाणांच्या ओळींवर आली. शेजारी राहते, तिने वाचलं. डोक्यावर परिणाम झाला आहे. घरोघर जाते. शाझली मांडीवरच्या सुटाच्या कागदाकडे बघत होता.

"तिला भाऊ वगैरे कुणी नाही," फिक्रियाने शेवटची ओळ वाचली. मग ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "एवढं मात्र खरं लिहिलंस."